माघारीचं बटण की काडतुसांची पिशवी

दुसऱ्या महायुद्धावरचा एकच रिअल-टाइम स्ट्रॅटेजी खेळ (म्हणजे पाळीची वाट न बघता, घड्याळ चालू असतानाच सैन्य हलवायचं असा संगणकावरचा खेळ) घ्यायचा आणि त्यालाच चिकटून राहायचं असं ठरवलं, की फिरून फिरून दोन नावांपाशी येऊन घोडं अडतं. एक ‘कंपनी ऑफ हिरोज’, 2006 सालचा. दुसरा ‘मेन ऑफ वॉर: असॉल्ट स्क्वॉड 2’, 2014 सालचा. मी दोन्ही घेतले, दोन्ही मन लावून खेळलो, आणि आता त्यातला एकच नेमाने उघडतो. कुठला ते पुढे कळेलच. दुसऱ्याला नावं ठेवायला मात्र बसलेलो नाही. काही बाबतींत तोच सरस आहे.

रणगाड्याला समोरून भिडू नये, मशीनगनच्या तोंडी पायदळ देऊ नये, इतपत तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ग्राफिक्सबद्दलही बोलत नाही. दोन्ही खेळ आता म्हातारे झालेत आणि दोघांचंही वय चेहऱ्यावर दिसतं.

खरा फरक रसदीत आहे. ‘कंपनी ऑफ हिरोज’मध्ये नकाशाचे तुकडे पाडलेले असतात. तुकडा ताब्यात आला की दारूगोळा किंवा इंधन यांचा ओघ सुरू होतो. पण तो तुकडा तुमच्या मुख्य तळाशी सलग जोडलेला हवा. मधला एखादा तुकडा शत्रूने बळकावला, की पलीकडचं इंधन तुमचं असून नसल्यासारखं. ही एवढीशी युक्ती मला फार आवडते. समोरचा रणगाडे काढायच्या बेतात आहे असं दिसलं, की त्याच्या रणगाड्यांशी न लढता मधला एक रस्ता तोडायचा आणि त्याला तंगवायचं. सैनिकाच्या खिशात किती गोळ्या आहेत हे मात्र कोणी विचारत नाही. बंदुका अखंड चालतात. दारूगोळा हा पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा. तो खर्च होतो हातबॉम्ब, सुरुंग आणि वाढीव शस्त्रांवर.

‘मेन ऑफ वॉर’मध्ये उलट. तिथे तळ बांधायचा नाही, कारखाना काढायचा नाही. कुमक नकाशाच्या कडेवरून चालत येते. पण प्रत्येक शिपायाची पिशवी उघडून बघता येते. आत मोजकी काडतुसं, दोनतीन हातबॉम्ब, मलमपट्टी. रणगाड्यात चिलखतभेदी गोळे वेगळे, स्फोटक गोळे वेगळे, इंधन वेगळं. मेलेल्या शत्रूची बंदूक उचलता येते, त्याच्या डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढून घेता येतं.

आता ऐकताना कुठला खेळ भारी वाटतो? अर्थात दुसरा. मलाही तसंच वाटलं होतं.

आणि पहिले काही आठवडे ते खरंही होतं. ‘मेन ऑफ वॉर’चा जीव आहे डायरेक्ट कंट्रोलमध्ये. एक कळ दाबून ठेवली, की निवडलेला सैनिक किंवा रणगाडा थेट तुमच्या हातात येतो. चालवायचा तुम्ही, नेम धरायचा तुम्ही. टी-34 हा रशियन रणगाडा घेऊन एका टायगरच्या, म्हणजे जर्मनांच्या जड रणगाड्याच्या, मागावर लागलो होतो, ती दुपार मी विसरणार नाही. टायगरच्या पुढच्या बाजूला 100 मिलिमीटर पोलाद, म्हणजे समोरून जाणं हा शुद्ध वेडेपणा. घरांच्या आडून सरकत सरकत त्याच्या कुशीत गेलो. पहिला गोळा घसरला. दुसऱ्याने पट्टा तुटला. टायगर जागच्या जागी अडकला, पण त्याचा बुरूज माझ्याकडे वळायला लागला होता आणि माझी तोफ अजून भरून व्हायची होती. तिसरा गोळा इंजिनात गेला आणि आतली माणसं उड्या टाकून पळाली. मग माझ्या दोघांनी जाऊन पट्टा आणि इंजिन दुरुस्त केलं, आत बसले आणि तोच टायगर मी पुढे अर्धा तास जर्मनांवर चालवला.

अशी मजा ‘कंपनी ऑफ हिरोज’मध्ये नाही, हे सरळ मान्य करतो. तिथे रणगाड्याच्या डोक्यावर आयुष्याची पट्टी असते आणि गोळे लागतील तशी ती उतरत जाते. मागची बाजू कच्ची असते, कधी इंजिन निकामी होतं, कधी तोफ बंद पडते, पण शेवटी हिशोब पट्टीचाच. शत्रूची बेवारस मशीनगन किंवा रणगाडाविरोधी तोफ उचलता येते, रणगाडा नाही. शिवाय अंतरांचा तर पोरखेळच आहे. प्रत्यक्षात टायगर किलोमीटरभरावरून मारा करायचा, इथे त्याला दोन कुंपणांपलीकडचं दिसत नाही. आणि फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या शेतात इमारत उभारून त्यातून एकामागून एक शर्मन रणगाडे बाहेर काढायचे, याचं समर्थन मी तरी करू शकत नाही.

तर मग बिनसलं कुठे? पिशवीत.

एका गावाचा बचाव चालला होता. चौकाच्या तोंडाशी रणगाडाविरोधी तोफ लावलेली, दोन्ही अंगांना पायदळ. दोन चढाया परतवल्या. तिसरी आली आणि तोफ गप्प. मला वाटलं तोफेवरची माणसं गेली. बघतो तर तिघं ठणठणीत, तोफेशेजारी गुडघे टेकून बसलेले. तोफ उघडून पाहिली: चिलखतभेदी गोळे शून्य, स्फोटक गोळे ढीगभर. ते पायदळावर चालतात, समोरून येणाऱ्या पँझर 4 या जर्मन रणगाड्याला त्यांनी गुदगुल्यासुद्धा होत नाहीत. रसदीचा ट्रक गावामागे उभा होता. एकाला पळवत पाठवला. तो पोचला, ट्रक उघडला, गोळे त्याच्या पिशवीत ओढायला लागलो, तर पिशवी भरलेली! पहिल्या चढाईनंतर मीच हौसेने त्याला दोन जर्मन बंदुका आणि कुणाकुणाची काडतुसं उचलायला लावली होती. म्हणजे आता एकेक वस्तू बाहेर टाका, मग गोळे आत घ्या. मी ही आवराआवर करीत असताना पँझर चौकातून आरामात आत आला. तोफ गेली, डाव्या अंगाचं पायदळ गेलं, आणि ते कसं गेलं हे मी पाहिलंसुद्धा नाही. मी ट्रकमध्ये डोकं घालून बसलो होतो.

एकदा झालं असतं तर किस्सा म्हणून सांगत बसलो असतो. पण हे दर लढाईत होतं. कुणाची तरी काडतुसं संपतात आणि ती संपल्याचं तुमच्या लक्षात येतं तो मेल्यावर. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण माझ्या अंदाजाने मी लढाईचा निम्मा वेळ पिशव्या उपसण्यात घालवत होतो. सेनापती व्हायला गेलो आणि कोठारावरचा कारकून होऊन बसलो.

खेळ इथे चुकीचं काही करत नाही, हेही म्हटलं पाहिजे. खऱ्या युद्धात काडतुसं संपतातच. ज्यांचा हात चपळ आहे, कळा तोंडपाठ आहेत, त्यांना हे जाचत नाही. ज्या मित्राबरोबर मी जोडीने खेळायचो, तो माझा गोळ्यांचा हिशोब होईतो स्वतःचा भरून, माझा निम्मा करून देऊन, वर मला टोमणाही मारायचा. माझा हात संथ आहे. तुमचा नसेल तर पुढचं सगळं थोडं कमी मानून वाचा.

पण पिशवीपेक्षाही एक गोष्ट मला उशिरा उमगली. ‘मेन ऑफ वॉर’मध्ये इतकी निगुतीने भरलेली पिशवी घेऊन हिंडणारा शिपाई एका गोळीत मरतो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि मी त्याचीही पिशवी भरतो. पंधराव्या शिपायानंतर मला त्यातल्या कुणाचंच काही वाटेनासं झालं. माणसं म्हणजे काडतुसं वाहून नेणारे डबे. एकेका माणसाचा एवढा तपशील ठेवणाऱ्या खेळात मी माणसं उधळायला शिकलो.

‘कंपनी ऑफ हिरोज’मध्ये याच्या बरोब्बर उलट झालं, आणि त्याला कारण एक बटण. टी दाबलं की पलटण हातातलं सोडून मुख्य तळाकडे धूम ठोकते. पळताना तिला गोळ्या कमी लागतात. तळावर पोचली की गेलेल्या माणसांच्या जागी नवी माणसं भरता येतात. अमेरिकन रायफलमनच्या सहांतला एक जरी जिवंत परतला, तरी पलटण वाचली. आणि वाचली म्हणजे तिने लढून कमावलेला अनुभवही वाचला. अमेरिकनांना हा अनुभव लढूनच मिळवावा लागतो. जर्मनांना तो एका खास इमारतीतून सगळ्यांसाठी एकदम विकत घेता येतो. म्हणून अमेरिकन बाजूने खेळताना एकेक पलटण जिवाला लागते.

अँगोव्हिलच्या नकाशावर माझी एक रायफल पलटण पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत टिकली होती. सातआठ वेळा तरी पळाली असेल. एकदा एमजी-42 या जर्मन मशीनगनच्या माऱ्यात पार जमिनीला खिळून गेली, दोनच माणसं उरली, आणि मी टी दाबलं तेव्हा माझा श्वास अडकला होता. कुंपण, खड्डा, पुन्हा कुंपण करत दोघं तळाला लागले. त्या पलटणीतली माणसं एव्हाना सगळी बदलली होती, पण मला ती तीच पलटण वाटत होती. हा खेळ नेमका इथे मला पकडतो. कधी पळायचं हा त्यातला सगळ्यात अवघड निर्णय. लवकर पळालात तर जमीन जाते, उशिरा पळालात तर पलटण.

हे बटणही निर्दोष नाही बरं का. पळणारी पलटण जवळचा रस्ता धरते, मग तो शत्रूच्या मशीनगनसमोरून का जाईना, आणि तळ गाठेपर्यंत तुम्हाला तिला अडवता येत नाही. कितीदा मी पडद्याकडे बघून ‘अरे, तिकडून नको!’ असं ओरडलोय. पण ती चूक बघता तरी येते. लढाई डोळ्यांसमोर असते, पिशवीच्या चौकटीआड नसते.

मग याच मालिकेतला नवा भाग का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. 2013 चा ‘कंपनी ऑफ हिरोज 2’ पूर्व आघाडीवर, म्हणजे जर्मन-रशियन लढाईत, जातो. त्यात हिमवादळं आहेत, थंडीने गारठणारे सैनिक आहेत, वजनाने नाहीतर गोळ्याने फुटणारा बर्फ आहे. गोठलेल्या नदीवरून येणारा रणगाडा बर्फ फोडून बुडवण्यात एक आसुरी आनंद आहे, तो एकदा जरूर घ्यावा. पण त्याच्या कथेच्या मोहिमेत स्टालिनचा 1942 चा 227 क्रमांकाचा हुकूम येतो: एक पाऊलही मागे नाही. त्या हुकमाची मुदत चालू असताना माघार घेतलीत, तर आपलेच अधिकारी पळणाऱ्यांवर गोळ्या झाडतात. रशियात या चित्रणावर बराच गदारोळ झाला. माझी तक्रार इतिहासाची नाही. ज्या बटणासाठी मी या मालिकेवर जीव टाकला, त्याच बटणाला हात लावायची भीती बसली. 2023 चा तिसरा भाग इटली आणि उत्तर आफ्रिकेत घडतो. त्यात एकट्याने खेळताना लढाई थोपवून हुकूम देता येतात; माझ्यासारख्या संथ हाताच्या माणसाला ती मोठी सोय. तरी नॉर्मंडीतल्या झुडपी कुंपणांत, समोर काय आहे ते न कळता पलटण पुढे सरकवण्यात जी धाकधूक आहे, ती मला पहिल्यातच मिळते. ओमाहा किनाऱ्यावर 6 जून 1944 ला उतरून ऑगस्टमध्ये फालेझला संपणारी त्याची मोहीम मी तीनदा खेळलोय, आणि कारेंतां जिंकल्यावर ते पुन्हा राखायची लढाई आली, की अजूनही खुर्चीत सरसावून बसतो.

तर तुमचं कसं आहे ते बघा. रणगाड्यांचं वेड असेल, पट्टा कुठे तुटला आणि गोळा कुठून घुसला यात रस असेल, जोडीला एकदोन भरवशाचे मित्र असतील, तर ‘मेन ऑफ वॉर’ घ्या. कदाचित माझ्यापेक्षा तुमचं त्याच्याशी अधिक पटेल. त्याच वळणाचा, दिसायला कितीतरी देखणा असा 2021 चा ‘गेट्स ऑफ हेल: ओस्टफ्रंट’ही आहे, पिशव्या मात्र तिथेही भराव्या लागतात. एकट्याने, रात्री तासभर बसून, लढाई सुरू करून संपवायची असेल, तर मी आपला पहिला ‘कंपनी ऑफ हिरोज’च सुचवीन. अमेरिकन बाजू घ्या, संगणकाविरुद्ध छोट्या नकाशावर सुरुवात करा, आणि पहिले दोन दिवस रणगाड्यांच्या नादी न लागता फक्त पायदळ आणि टी एवढंच शिका.

‘मेन ऑफ वॉर’ मी काढून टाकलेला नाही. अधूनमधून टी-34 हाती घ्यावासा वाटतो तेव्हा उघडतो. गोळे संपले की बंद करतो.