विद्यापीठाचं ईमेल: ब्राउझर, आउटलुक की थंडरबर्ड?

आधी विद्यापीठाचं मेल खातं कुणाकडे आहे ते पाहा. पत्ता विद्यापीठाच्या नावाचा असला तरी मागे बहुतेक ठिकाणी गूगल नाहीतर मायक्रोसॉफ्ट असतं. लॉगिन केल्यावर जीमेल उघडलं की आउटलुक, एवढ्यावरून ते कळतं आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

दिवसाला चार-पाच मेल आणि त्यातही परीक्षा विभागाच्या सूचनाच जास्त असतील, तर ब्राउझर पुरे. लॅबच्या संगणकावर लॉगआउट करायला तेवढं विसरू नका.

खातं मायक्रोसॉफ्टचं असेल आणि गाइडच्या मीटिंगा, कॅलेंडर, विभागातल्या लोकांचे पत्ते यांवर रोजचं काम चालत असेल, तर संगणकावरचं आउटलुक अॅपच घ्या. पत्ता टाकला की विद्यापीठाचं लॉगिन पान येतं. बाकी काही भरावं लागत नाही. पण विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये जीमेलचं खातं जोडलंत, तर त्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही जाते. गोपनीय संशोधनाचा पत्रव्यवहार असेल तर हे आधीच ठरवलेलं बरं.

थंडरबर्ड हे संगणकावर बसवायचं मेल अॅप. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि २०२४पासून अँड्रॉइडवरही आहे. तीन-चार खाती एकत्र हवीत, नेट नसताना जुने मेल वाचायचेत, तर याला तोड नाही. सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन पद्धती असतात, आयमॅप आणि पॉप. खातं जोडताना प्रकार आयमॅप ठेवा; पॉप फक्त इनबॉक्स आणतं, पाठवलेले मेल आणि फोल्डर सर्व्हरवरच राहतात. येणाऱ्या मेलचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक, ९९३. जाणाऱ्या मेलचा मायक्रोसॉफ्टसाठी ५८७, गूगलसाठी ४६५ किंवा ५८७. यूजरनेम म्हणून पूर्ण पत्ता लागतो. पडताळणीची पद्धत येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही बाजूंना ओऑथ२ (कंपनीच्या लॉगिन पानावरून परवानगी देण्याची पद्धत) निवडा, कारण नुसता पासवर्ड या दोन्ही कंपन्या आता बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. मेल येतात पण जात नाहीत, ही तक्रार बहुधा इथलीच असते: येणाऱ्या बाजूला ओऑथ२ आणि जाणाऱ्या बाजूला जुनाच ‘नॉर्मल पासवर्ड’.

लॉगिनची खिडकी उघडून लगेच मिटत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा. ‘अॅडमिनची परवानगी हवी’ असं आलं, तर तुमच्या हातात काही नाही. संगणक केंद्राला कळवा. आयमॅप सगळ्यांसाठीच बंद ठेवलेलं असेल, तर थंडरबर्डचा नाद सोडा. आणखी एक: आयमॅपमधून कॅलेंडर येत नाही, ते वेगळं जोडावं लागतं.

जीमेलची लेबलं थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणून दिसतात. एकाच मेलला दोन लेबलं असतील तर तो दोन ठिकाणी दिसतो, आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. डिस्क भरायला नको असेल तर ‘ऑल मेल’ फोल्डर अनसबस्क्राइब करा.

पीएचडी करणाऱ्यांनी तरी थंडरबर्ड बसवूनच ठेवावं, कारण पदवीनंतर पुष्कळ विद्यापीठं खातं बंद करतात. आयमॅप म्हणजे सर्व्हरचा आरसा. तिथे मेल पुसला की इथलाही जातो. म्हणून खातं चालू आहे तोवर हवे ते फोल्डर थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे तुमच्याच संगणकावर, कॉपी करा. मूव्ह नको, मध्येच नेट गेलं तर काय आलं आणि काय राहिलं याचा पत्ता लागत नाही. कॉपी झाल्यावर वायफाय बंद करून दोन वर्षांपूर्वीची एखादी अटॅचमेंट तिथून उघडून बघा. उघडली नाही, तर अजून वेळ आहे.