एज्युकेशन लोन: सरकारी बँक की एनबीएफसी?

साडेसात लाखांच्या आत भागत असेल तर हे वाचूच नका, तेवढ्याला सरकारी बँक तारण मागत नाही, सरळ तिकडे जा. प्रश्न त्याच्या वर येतो. धाकट्या भावाच्या परदेशातल्या मास्टर्ससाठी वीसेक लाख हवे होते आणि को-ॲप्लिकंट (सहकर्जदार) मी, म्हणून सरकारी बँक आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली पण कर्ज देणारी खाजगी कंपनी, अशी दोन्हीकडे फाइल फिरवली.

स्पीडमध्ये एनबीएफसीला तोड नाही. फोन ठेवायच्या आत व्हॉट्सॲपवर कागदांची यादी, माणूस घरी येऊन सह्या घेऊन जातो, तारण नाही, युनिव्हर्सिटीचं नाव आणि माझी सॅलरी स्लिप बघून काम होतं. व्हिसाची तारीख डोक्यावर असेल किंवा घर पागडीचं असेल, बिल्डिंगला ओसी (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट) नसेल, म्हणजे घर तारण ठेवणं अवघड असेल, तर मुंबईत खरं तर दुसरा पर्याय फारसा उरत नाही.

सरकारी बँकेत आमचा भांडुपचा फ्लॅट तारण ठेवला आणि तो प्रकार काय सांगू. आधीच्या मालकापासूनची सगळी ॲग्रीमेंट्स, शेअर सर्टिफिकेट, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीची तपासणी), मग व्हॅल्युअर आला आणि गॅसचा सिलिंडर सरकवून किचनची भिंत मोजून गेला. सोसायटीच्या एनओसीसाठी सेक्रेटरीकाका म्हणाले कमिटी मीटिंग होऊ दे, आणि मीटिंगमध्ये सगळा वेळ गळतीवर गेला. हाफ डे टाकून ब्रँचमध्ये जावं तर साहेब ऑडिटमध्ये. त्यात मार्जिन, म्हणजे परदेशासाठी साधारण १५ टक्के खर्च आपल्या खिशातून दाखवायचा.

तरीही मी तिथेच घेतलं, आणि कारण व्याजदर नाही (तो सरकारीत बहुतेक वेळा कमीच असतो, पण दोन्हीकडे फ्लोटिंग, म्हणजे बदलता, उद्याचं कोणी सांगावं). कारण मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत. फोनवर दोघंही म्हणाले, "कोर्स प्लस एक वर्ष, ईएमआय नाही." एनबीएफसीच्या सँक्शन लेटरमध्ये (कर्जमंजुरीच्या पत्रात) मात्र बारीक अक्षरात होतं की तेवढा काळ दर महिन्याला व्याज भरायचं, ऑटो-डेबिटने. कॉलेजला जाणाऱ्या कर्जाचा पहिला हप्ता सात लाखांचा सुटला आणि दर साडेअकरा धरला तरी महिन्याला सहा हजार सातशेच्या वर, पुढचे हप्ते सुटतील तसं वाढत जाणार. आमचा होम लोनचा ईएमआय आधीच पाच तारखेला जातो. विचारलं तर समोरचा म्हणतो, "सर, ईएमआय नाहीच आहे, फक्त इंटरेस्ट आहे." डोकंच फिरलं. सगळ्या एनबीएफसींचं असंच असतं असं नाही, काही थोडंच व्याज घेतात, पण मला जे लेटर मिळालं ते असं होतं.

सरकारीत व्याज माफ असतं असंही नाही हं. रोज चढतंच, फक्त ईएमआय सुरू होईपर्यंत सरळव्याजाने, आणि नंतर मुद्दलात मिळतं. वीस लाख पहिल्याच दिवशी उचलले, दर १० टक्के, दोन वर्षं कोर्स आणि एक वर्ष पुढचं धरलं तर ६ लाख होतात, म्हणजे हप्ते २६ लाखांवर चालू. घाबरवणारा आकडा आहे. पण हातात पैसे आले की मधेच व्याज भरता येतं, आणि ते नियमित भरलं तर बऱ्याच बँका दरात १ टक्का सूट देतात. ज्या महिन्यात जमत नाही त्या महिन्यात चेक बाउन्सची भीती नाही. माझ्यासारख्या पगारावर चालणाऱ्या घराला हा फरक मोठा वाटला.

बाकी टॅक्सचं फार मनावर घेऊ नका. व्याजावरची इन्कम टॅक्सची सूट जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, पण जुनी रेजीम (जुनी करपद्धत) घेतली तरच.

एनबीएफसीकडेच जायचं असेल, आणि कोणाकोणाला जावंच लागेल, तर प्रोसेसिंग फी भरायच्या आधी लेटरचा ड्राफ्ट मेलवर मागवा आणि कोर्सच्या काळात दर महिन्याला खात्यातून नेमके किती जाणार ते त्याच मेलवर लिहून घ्या. सोबत इन्शुरन्स चिकटवलाय का तेही बघा, आमच्या लेटरमध्ये होता.