मालवण रॉक गार्डनचा सनसेट, आणि गेटवरचे पेटीवाले काका

डिसेंबरात सूर्य ६ च्या आसपासच बुडतो त्यामुळे साडेपाचला पोचा नाहीतर पार्किंगसाठी फिरत बसाल, आम्ही तेच केलं आणि अर्धा सनसेट गाडीतूनच बघितला 😅 दुसऱ्या दिवशी मात्र लवकर गेलो. खडकांवर बसायला जागा भारी, लाटा खाली आपटतात आणि तोंडावर खारे तुषार येतात, पण भरतीला पुढे जाऊ नका, शेवाळाने पाय सटकतो (माझी एक चप्पल गेली).

खरी मजा सूर्य बुडाल्यावर. गेटजवळ एक काका जुनी पेटी घेऊन बसलेले, दोन पट्ट्या वाजतच नव्हत्या तरी अभंग असला रंगवला की भेळ खाणारे पण थांबले. भात्याला क्यूआर कोड सेलोटेपने चिकटवलेला, भाता हलला की तोही हलतो, स्कॅनच होईना, शेवटी म्हणाले "थांबा ओ, कडवा संपांदे मगे करा".

बाजूला ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्या ग्रुपचे मात्र पाच स्टार कापले. भेळ ओकेओके, त्यापेक्षा बाजारात जाऊन सोलकढी प्या.