गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा की आयफोन १६ प्रो मॅक्स: फक्त बॅटरीपुरता विचार

या दोन फोनांपैकी एक घ्यायचा ठरलं की पहिली नजर आकड्यांवर जाते. सॅमसंगच्या एस२५ अल्ट्रात ५००० एमएएचची बॅटरी आहे (एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). ॲपल एमएएचचा आकडा जाहीर करत नाही, पण १६ प्रो मॅक्स उघडून पाहणाऱ्यांना आत ४६८५ एमएएचची बॅटरी सापडली आहे. म्हणजे सॅमसंगची बॅटरी जवळपास सात टक्क्यांनी मोठी. साठवलेला व्हिडिओ सलग किती चालेल याचे कंपन्यांचे दावे पाहिले, तर मात्र ॲपल ३३ तास म्हणते आणि सॅमसंग ३१. लहान बॅटरीचा फोन दोन तास पुढे.

या ३३ आणि ३१ वर फार विसंबू नका. दोन्ही कंपन्यांची चाचणीची पद्धत वेगळी आहे. शिवाय व्हिडिओ दाखवणं हे फोनसाठी अगदी हलकं काम असतं. त्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो, मुख्य प्रोसेसरला फारसं काही करावं लागत नाही आणि व्हिडिओ फोनमध्येच असेल तर नेटवर्कचंही काम पडत नाही. तुमचा दिवस असा जात नाही. तुम्ही नकाशा लावता, व्हिडिओ कॉल करता, उन्हात फोटो काढता, लिफ्टमध्ये रेंज गेली की फोन ती शोधत बसतो.

माझं मत आधीच सांगते. दिवसभर पुरण्याच्या बाबतीत या दोघांत निवड करण्याइतका फरक नाही. दोन्ही पडदे ६.९ इंचांचे, दोन्ही गरजेनुसार १ ते १२० हर्ट्झ वेगाने, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलत चालणारे. ॲपलची ए१८ प्रो आणि सॅमसंगमधली स्नॅपड्रॅगन ८ एलिट, दोन्ही चिप ३ नॅनोमीटर तंत्रावर टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीने बनवलेल्या. हा आकडा जितका लहान, तितकी चिप साधारणपणे कमी वीज खाते. मागच्या पिढीतली स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ ही ४ नॅनोमीटरची होती, त्यामुळे तेव्हा ॲपलला जी आघाडी होती ती आता बरीच आटली आहे. सॅमसंगच्या अल्ट्रामधला ५००० हा आकडा तर २०२० च्या एस२० अल्ट्रापासून हललेला नाही. या वर्षांत जी काही सुधारणा झाली, ती चिप, पडदा आणि सॉफ्टवेअर यांच्यामुळे.

रेंजबद्दल एक गोष्ट. घरी किंवा कामाच्या जागी सिग्नल कमजोर असेल, तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोनला जास्त ताकद लावावी लागते, आणि बॅटरी उतरण्याचं ते मोठं कारण असतं. दोन्ही फोनांत मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारा भाग, क्वालकॉम कंपनीचाच आहे. त्यामुळे या त्रासावर उपाय म्हणून फोन बदलत असाल, तर दोघांपैकी कुठलाही घेतला तरी फार फरक पडणार नाही. वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल करण्याची सोय, चालू केल्याने जास्त फरक पडेल.

उन्हात वावरणाऱ्यांनी मात्र थोडं थांबावं. तेजस्वी पडदा बॅटरी भराभर खातो. सॅमसंग २६०० निट्सपर्यंत (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) जातो, आयफोन बाहेर २००० पर्यंत. वरवर पाहता सॅमसंगचा खर्च जास्त वाटेल. पण त्याच्या काचेवर प्रतिबिंब कमी करणारा थर आहे; परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत घटतं असा कंपनीचा दावा आहे. काच चकाकत नसेल तर पडद्याचा उजेड कमी ठेवूनही अक्षरं दिसतात, आणि वाचलेला उजेड म्हणजे वाचलेली बॅटरी. ज्यांचं काम उघड्यावर चालतं, त्यांच्यासाठी मला ही गोष्ट ३१ आणि ३३ तासांच्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते.

फोन नुसता पडून असताना काय होतं, ते बरंचसं ॲपवर ठरतं. सॅमसंग न वापरलेली ॲप झोपवून ठेवतो, आणि कुठलं ॲप गाढ झोपवायचं हे तुम्हाला स्वतःला ठरवता येतं. नेम चांगला बसला तर फायदा मोठा. चुकून कामाचं ॲप त्या यादीत गेलं, तर संदेश उशिरा येतात आणि माणूस नेटवर्कला दोष देत राहतो. आयफोन पहिल्यापासूनच पार्श्वभूमीतल्या ॲपना फार मोकळीक देत नाही. सेटिंग्जमध्ये शिरायचा कंटाळा असेल तर आयफोन बरा.

खरा फरक बॅटरी संपत आल्यावर कळतो. बाहेर पडायला अर्धा तास उरलाय आणि फोन ५ टक्क्यांवर आहे. ४५ वॉटचा चार्जर असेल तर सॅमसंगच्या सांगण्यानुसार सुमारे ३० मिनिटांत शून्यावरून ६५ टक्के होतात. ॲपल २० वॉट किंवा त्याहून मोठ्या अडॅप्टरवर ३५ मिनिटांत ५० टक्के सांगते. हा फरक रोजच्या धावपळीत जाणवतो. मात्र ४५ वॉट मिळवायचे तर चार्जरमध्ये पीपीएस (फोनच्या गरजेनुसार व्होल्टेज बदलत राहण्याची सोय) हवं आणि केबल ५ अँपिअरची हवी. साधी यूएसबी-सी केबल लावून ‘चार्जिंग हळू होतंय’ म्हणणाऱ्यांची गडबड बहुधा इथेच असते. चार्जर दोघांच्याही खोक्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. फोनचा विचार करतानाच त्याचाही करा.

बिनतारी चार्जिंगमध्ये पारडं फिरतं. मॅगसेफ या ॲपलच्या चुंबकी चार्जरवर, ३० वॉटचा अडॅप्टर असेल तर, आयफोन २५ वॉटपर्यंत घेतो, आणि चुंबकामुळे तो नेमक्या जागी बसतो. सॅमसंग १५ वॉटवर थांबतो. त्याच्या अंगात चुंबक नाहीत, त्यासाठी चुंबकवालं कव्हर लागतं. टेबलावर फोन ठेवायचा, उचलायचा, पुन्हा ठेवायचा अशी सवय असलेल्यांना आयफोन सुखाचा जाईल.

आता वर्षांचा हिशोब. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते आणि नुसत्या वेळेनेही झिजते. तापलेली आणि शंभर टक्के भरलेली राहिली की आणखी वेगाने झिजते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोनांवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं झालं, आणि बॅटरी ८०० चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखेल अशी अट घातली गेली. चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० वापरले तर दोन दिवसांचं मिळून एक. या लेबलवर १६ प्रो मॅक्ससाठी १००० चक्रं आहेत, तर एस२५ अल्ट्रासाठी २०००. रोज एक चक्र धरलं तर पावणेतीन वर्षं आणि साडेपाच वर्षं. प्रयोगशाळेतला आकडा खिशात तसाच उतरत नाही, त्यामुळे सॅमसंगची बॅटरी दुप्पट वर्षं चालेल असं मी म्हणणार नाही. पण एस२५ ला सात वर्षं अपडेट मिळणार आहेत. फोन पाच-सहा वर्षं वापरायचा बेत असेल, तर माझा कौल इथे सॅमसंगला.

चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय दोघांतही आहे. ती वापरली तर रोजची एक पंचमांश बॅटरी हातातून जाते, म्हणून लांब प्रवासाच्या दिवशी ती बंद ठेवलेली बरी. मर्यादा लावलेली असतानाही आयफोन अधूनमधून १०० पर्यंत जातो. टक्क्यांचा अंदाज अचूक राहावा म्हणून तो तसं करतो, बिघाड समजू नका.

ठरत नसेल तर आत्ताच्या फोनमधलं बॅटरीचं पान उघडा आणि आठवडाभराचा वापर बघा. संध्याकाळी पुन्हा चार्जिंगला लावायची वेळ वारंवार येत असेल आणि हाताशी वेळ थोडा असेल, तर एस२५ अल्ट्रा घ्या. रात्री एकदा लावून दुसऱ्या रात्रीपर्यंत विसरून जाणाऱ्यातले असाल, तर १६ प्रो मॅक्स घ्या. आयफोन वापरलेला घेत असाल, तर पैसे देण्याआधी सेटिंग्जमधलं ‘बॅटरी हेल्थ’ समोर उघडून मागा. उरलेली कमाल क्षमता, झालेली चक्रं आणि पहिल्या वापराचा महिना तिथे लिहिलेला असतो.