गुलमर्गचं स्कीइंग: गटात नवशिके आणि पट्टीचे दोन्ही असतील तर

गुलमर्गबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. परदेशात भरपूर स्कीइंग केलेली मंडळी तिथल्या भुसभुशीत बर्फाचं आणि अफरवट डोंगराच्या मोकळ्या उतारांचं तोंडभरून कौतुक करतात. काश्मीर सहलीत अर्धा दिवस उरकून आलेले सांगतात की रांगा, चिखल आणि मागे लागणारे स्लेजवाले यापलीकडे तिथे काही नाही. दोघांचंही खरं आहे. अडचण होते ती मिश्र गटाची. म्हणजे आठ-दहा जण, त्यांत दोघं पट्टीचे, दोघं-तिघं औलीला एखादा कोर्स केलेले, बाकीच्यांनी बर्फ फक्त फ्रीजमधला पाहिलेला, शिवाय सोबत एखाद्या सासूबाई.

निकाल आधीच सांगून टाकतो. पट्टीच्यांसाठी पाचपैकी पाच, नवशिक्यांसाठी चार, न खेळणाऱ्यांसाठी तीन आणि मधल्यांसाठी दोन. गट ठरवताना सगळे नवशिक्यांची काळजी करतात. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंड पाडून बसतात ते हे मधले.

कारण डोंगराच्या रचनेतच आहे. गुलमर्गचं पठार साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा, म्हणजे केबल-कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला, सुमारे ३,०८० मीटरवर नेतो. दुसरा टप्पा तिथून थेट अफरवटच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. कोंगडूरीहून मेरीज शोल्डरला जाणारी चेअरलिफ्ट नंतर आली. पठारावर जवळजवळ सपाट, अगदी सौम्य उतार आहेत, तिथे ड्रॅग लिफ्ट (स्कीवर उभ्या माणसाला उतारावरून वर ओढणारी लिफ्ट) आहेत आणि पहिल्यांदा स्कीवर उभं राहणाऱ्याला याहून चांगली जागा भारतात मिळणं कठीण. वरच्या टप्प्यावर मात्र यंत्राने दाबून सपाट केलेली, खांब लावून आखलेली सोपी वाट, म्हणजे पिस्ट, नाही. जे आहे ते ऑफ-पिस्ट, म्हणजे जसा पडला तसा बर्फ. या दोन टोकांच्या मध्ये जे हवं ते इथे तुटपुंजं आहे: कोंगडूरीहून झाडांमधून खाली येणाऱ्या मोजक्या वाटा आणि चेअरलिफ्टखालचा उतार. दाबलेल्या पिस्टवर समांतर वळणं घेणारा माणूस त्या दीड-दोन दिवसांत संपवतो आणि मग वर बघायला लागतो.

आणि इथेच घोटाळा होतो. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट कुणालाही मिळतं. तुम्हाला स्कीइंग किती येतं, हे खिडकीवर कुणी विचारत नाही. पट्टीचा भाऊ म्हणतो, ‘चल रे, हळूहळू उतरू.’ वरून सुरुवातीचाच उतार तीव्र असतो, बर्फ मांडीपर्यंत असू शकतो आणि दाबलेल्या पिस्टवर शिकलेला माणूस खोल बर्फात सवयीने मागे रेलतो. मागे रेललं की स्कीची टोकं हलकी होतात, वळण लागत नाही, मांड्या पेटतात. पाच वळणांनंतर तो बसकण मारतो. खोल बर्फात निघालेली स्की शोधायला अर्धा तास सहज जातो. मधल्यांनी अफरवटवर जायचंच असेल तर आधी एक अख्खा दिवस कोंगडूरीच्या बाजूला ताज्या, न दाबलेल्या बर्फात इन्स्ट्रक्टरसोबत घालवावा, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून वळायला शिकावं आणि मगच, स्वच्छ हवेच्या दिवशी वर जावं. वर पोचून धीर सुटला तर गोंडोलानेच खाली यावं. त्यात कमीपणा काही नाही.

सुरक्षिततेबद्दल जरा सविस्तर, कारण हा भाग सहसा जाहिरातीत नसतो. गुलमर्गची स्की पॅट्रोल, म्हणजे उतारांची सुरक्षा बघणारी तुकडी, गोंडोलाखालच्या मुख्य ‘बोल’ची (वाडग्यासारख्या खोलगट उताराची) तपासणी करते आणि गरज पडल्यास स्फोट घडवून हिमस्खलन आधीच पाडते. ताजा बर्फ पडल्यावर दुसरा टप्पा एक-दोन दिवस बंद राहतो तो यामुळेच. त्या हद्दीच्या डाव्या-उजव्या बाजूला गेलात की जबाबदारी पूर्णपणे तुमची. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या हापथखुडला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीअर दगावला. ही सगळी सराईत माणसं होती. पट्टीच्यांनी हद्दीबाहेर जायचं असेल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ-यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवंच, ते वापरता यायला हवं, आणि सोबत स्थानिक गाइड हवा. ट्रान्सीव्हर एकाकडेच असून उपयोग शून्य. गाडला गेलेला आणि शोधणारा अशा दोघांकडेही तो चालू असावा लागतो. रोजचा हिमस्खलन इशारा सकाळी वाचल्याशिवाय वरची केबिन पकडू नये. बाबारेशी, द्रुंग किंवा टंगमर्गपर्यंत जंगलातून उतरायचे बेत गाइड करून देतात, खालून टॅक्सीने परत यायचं. पट्टीच्यांसाठी गुलमर्गचा खरा आनंद तिथेच आहे आणि तो अर्धा-पाऊण दिवस खातो. म्हणजे त्या दिवशी ते उरलेल्या गटाला भेटणार नाहीत, हे आधीच घरात बोलून ठेवलेलं बरं.

नवशिक्यांकडे वळू. त्यांचं सगळं यश दोन गोष्टींवर अवलंबून असतं: इन्स्ट्रक्टर आणि बूट.

गोंडोलाच्या पायथ्याशी उतरलात की ‘इन्स्ट्रक्टर’ म्हणवणारे वीसेक जण घेरतात. त्यांतले बरेच जण तुमचा हात धरून किंवा काठी पुढे करून तुम्हाला उतारावरून ओढत नेतात. संध्याकाळी फोटो छान मिळतात, थांबायला मात्र शिकलेलं नसतं. ओळखपत्र आणि प्रमाणपत्र मागावं, दर, तास आणि माणसं आधी ठरवून घ्यावीत. मोठ्यांच्या गटाला एका इन्स्ट्रक्टरमागे चार-पाचच्या वर नको, मुलांना दोन-तीन. धड शिकवणारा माणूस पहिला तास सपाटीवर घालवतो: एकाच पायात स्की घालून सरकणं, आडवं पाऊल टाकत चढणं, पडून उठणं. मग स्नोप्लाउ, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबणं. त्यानंतर त्याच पवित्र्यात वळणं. ड्रॅग लिफ्ट बहुतेक दुसऱ्या दिवशी. पहिल्याच तासात लिफ्टकडे नेणारा दिसला तर खुशाल माणूस बदला. वेळ आणि इच्छा असेल तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गमध्ये कोर्स घेते. शिस्त कडक आणि गट मोठा, पण पाया पक्का होतो. मात्र कोर्सला नाव घातलं की तो माणूस तुमच्या सहलीतून वजा झाला असंच समजा.

बुटांचं म्हणाल तर नव्याण्णव टक्के तक्रारी तिथून सुरू होतात. स्की-बुटाचा नंबर पावलाच्या लांबीवर असतो, सेंटिमीटरमध्ये. घरून निघायच्या आधी टाच भिंतीला टेकवून पाऊल मोजून ठेवा. २६ सेंटिमीटर आलं तर २६ किंवा २६.५. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकायला हवा आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तो सुटायला हवा. टाच उचलली जाता कामा नये. आपल्याकडचे लोक थंडीच्या धास्तीने दोन-दोन लोकरी मोजे घालतात आणि वर एक नंबर मोठा बूट मागतात. घडीवर घडी पडते, रक्तपुरवठा अडतो आणि पाय आणखीच गार पडतात. एकच पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा, आणि थर्मलची पँट बुटाच्या आत खुपसायची नाही.

भाड्याच्या दुकानात तीन गोष्टी स्वतः बघाव्यात. बुटाच्या सोलची पुढची आणि मागची कड झिजून गोल झालेली नको, कारण बाइंडिंग (बूट स्कीला जोडणारी पकड) तीच कड पकडतं आणि झिजलेली असेल तर पडल्यावर नीट सोडत नाही. बकल सगळी चालू हवीत. आणि बाइंडिंगची सेटिंग तुमचं वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि कौशल्य विचारून लावलेली हवी. दुकानदार काहीही न विचारता स्की पुढे करत असेल तर आधीच्या गिऱ्हाइकाची सेटिंग तुमच्या गुडघ्याला लागलीय असं समजा. नवशिक्याला हनुवटीच्या आसपास उंचीची, मधे अरुंद स्की हवी. दुकानात दिसणाऱ्या रुंद पाउडर (भुसभुशीत बर्फाच्या) स्की पट्टीच्यांसाठी असतात, नवशिक्याला त्या कडेवर उभ्या करता येत नाहीत. हेल्मेट सगळ्यांना, त्यात वाद नाही.

स्नोबोर्ड की स्की? गटातल्या पंचविशीच्या आतल्यांना हमखास बोर्ड हवा असतो. चार दिवसांची सहल असेल तर नवशिक्याने स्की घ्यावी. बोर्डवर पहिले दोन दिवस मनगट आणि माकडहाड शेकून निघतं, गती येते ती नंतर. शिवाय दोन अडचणी गुलमर्गच्या खास. ड्रॅग लिफ्टवर बोर्ड सरळ वरच्या दिशेला ठेवून, अंग आडवं करून वर जाणं नवशिक्याला जमत नाही. आणि पठार सपाट असल्यामुळे वेग गेला की बोर्डवाला एक पाय सोडून ढकलत बसतो, स्कीवाले काठ्या मारत पुढे निघून जातात. बोर्डच हवा असेल तर किमान सहा दिवस आणि मनगटाचे गार्ड. पट्टीच्या बोर्डवाल्यासाठी मात्र अफरवट अप्रतिम.

न खेळणाऱ्यांसाठी पहिल्या टप्प्याची फेरी, कोंगडूरीला कहवा आणि मॅगी, आणि ऊन असेल तर तासभर बसणं. सासूबाईंना दुसऱ्या टप्प्याला न्यायची घाई करू नका. तिथे जवळजवळ ४,००० मीटर उंची लागते, धाप लागते, डोकं दुखतं. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सरळ टाळा. मुक्काम दोनपेक्षा जास्त रात्रींचा असेल तर या मंडळींनी श्रीनगरला हाउसबोटीत राहावं, ते जास्त सुखाचं.

सगळ्या गटाला रोज एकदा एकत्र आणायची एकच सोयीची जागा आहे, कोंगडूरी. नवशिके दुपारी गोंडोलाने वर येऊ शकतात, पट्टीचे वरून उतरतात, मधले तिथेच असतात. एकची वेळ पक्की करा. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आधी काढावी लागतात, गर्दीच्या दिवसांत आयत्या वेळी मिळत नाहीत. स्कीवाल्यांसाठी वेगळे पास असतात, त्यांची चौकशी पोचल्याबरोबर करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, गटात निदान तिघांकडे पोस्टपेड हवं.

हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसतं ते सोडा आणि गोंडोलापर्यंतचं अंतर विचारा. स्की-बूट घालून निसरड्या रस्त्यावर पंधरा मिनिटं चालणं म्हणजे स्कीइंगच्या आधीच दमणं. दुसरा प्रश्न: खोली कशाने तापते? लाकडाची बुखारी रात्री विझते आणि वीज गेली की इलेक्ट्रिक ब्लँकेटही गार. तिसरा: बूट वाळवायला उबदार जागा आहे का? बुटाचं अस्तर ओलं राहिलं तर दुसरा दिवस वाया.

कधी जावं? जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा हंगाम पाउडरचा. पण भरवसा ठेवू नका. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये बर्फ नसल्यामुळे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. ज्या गटात नवशिके जास्त आहेत त्यांनी मार्चचा पहिला पंधरवडा धरावा: थंडी सोसवते, दिवस मोठा, बर्फ दुपारी मऊ. पट्टीचे कुरकुरतील.

गटात मधलेच जास्त असतील, म्हणजे सहा-सात जण, तर गुलमर्ग नको. त्या पैशांत थोडी भर घालून जॉर्जियातलं गुदाउरी बघा. तिथे रुंद, दाबलेल्या, रंगांनी आखलेल्या पिस्ट भरपूर आहेत आणि तिबिलिसीहून गाडीने जाता येतं. व्हिसा, आणि स्कीइंगचा उल्लेख असलेला विमा, हे दोन्ही लागतं. साध्या प्रवासविम्यात स्कीइंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, अटी वाचून घ्या, गुलमर्गसाठीसुद्धा. औली स्वस्त आणि शिकायला चांगलं, पण मुख्य उतार एकच, आणि जोशीमठ खचल्यानंतर २०२३ पासून रोपवे बंद पडल्याने रस्त्यानेच वर जावं लागतं.

श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग अंतर साधारण ५५ किलोमीटर. बर्फ पडलेला असेल तर टंगमर्गच्या पुढचे शेवटचे १३ किलोमीटर फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेली गाडीच जाते, आणि तिथे गाडी बदलताना भाड्याची घासाघीस होते. भाडं श्रीनगरहून निघतानाच पूर्ण प्रवासाचं ठरवून घ्या. परतीच्या आदल्या रात्री खाली श्रीनगरला मुक्कामाला या. विमानतळावर तपासणीचे टप्पे बरेच असतात, तीन तास आधी पोचा. भाड्याचं सामान गुलमर्ग सोडायच्या आदल्या संध्याकाळीच परत करून अनामत ताब्यात घ्या, सकाळी दुकान उघडेपर्यंत गाडी थांबत नाही.