मुलाखतीची तयारी: उत्तरांची वही की मुद्द्यांचा कागद?

मुलाखतीचे बोलावणे आले की मधले दिवस कसे वापरायचे हे पहिल्याच संध्याकाळी ठरवावे लागते. पोशाख, प्रमाणपत्रांची फाइल आणि कंपनीची उत्पादने पाहून ठेवणे या गोष्टी कोणीही करतोच, म्हणून त्यांविषयी येथे लिहीत नाही. खरा प्रश्न उत्तरांचा असतो. संभाव्य प्रश्नांची पूर्ण उत्तरे लिहून ती पाठ करावीत, हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग असा की प्रत्येक प्रश्नासाठी चार-पाच शब्दांचे मुद्दे एका कागदावर लिहावेत आणि कोणाला तरी समोर बसवून, दर वेळी नव्या वाक्यांत, मोठ्याने उत्तरे द्यावीत. औषधनिर्मिती कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेतील नोकरीसाठी मी सात मुलाखती दिल्या. पहिल्या चार वहीच्या आधाराने आणि नंतरच्या तीन कागदाच्या. सात मुलाखतींवरून काही सिद्ध होत नाही, शिवाय मधल्या काळात माझा अनुभवही वाढला होता, हे मान्य करून पुढचे लिहितो.

वहीची बाजू हलकी नाही. आमच्या गोव्यातील अनेकांप्रमाणे माझे प्राथमिक शिक्षण मराठीतून झाले आणि रसायनशास्त्र मात्र इंग्रजीतून शिकलो. विषय समजलेला असूनही इंग्रजी वाक्य जुळवताना क्रियापद कोठे ठेवावे याचीच धास्ती वाटते. अशा वेळी स्वतःच्या हाताने लिहिलेले, मास्तरांनी तपासून दिलेले उत्तर फार मोठा धीर देते. मी अकरा प्रश्नांची उत्तरे बावीस पानांत लिहिली होती. लिहिताना आपल्याला काय येत नाही हे स्वच्छ दिसते आणि पाल्हाळ कापता येते. ज्याला बोलायला उभे राहिल्यावर पहिले वाक्यच सुचत नाही, त्याने हा मार्ग एकदा तरी चालून पाहावा, असे मी आजही म्हणेन.

माझा निर्णय मात्र एका त्रासाने झाला, आणि तो त्रास पाठ केलेल्या उत्तराच्या घडणीतच आहे. दुसऱ्या मुलाखतीत मला विचारले गेले की चाचणीचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन आला, तर काय कराल. हा प्रश्न प्रयोगशाळेतील नोकरीसाठी जवळजवळ ठरलेलाच आहे आणि माझ्या वहीत त्याचे उत्तर दीड पानाचे होते. व्याख्या, प्रयोगशाळेतील पहिला टप्पा आणि मग उत्पादन विभागातील तपास, असा त्याचा क्रम होता. मी व्याख्या सांगून तिसऱ्या वाक्यावर आलो, तेव्हा समोरच्या ज्येष्ठ गृहस्थांनी हात किंचित वर केला आणि शांतपणे कोकणीत म्हणाले, "तें आसूं दी. तुवें कितें केलें तें सांग."

त्यांनी काहीच अवघड विचारले नव्हते. शिकाऊ म्हणून काम करताना असा निकाल माझ्या हातून एकदा आला होता. मी चाचणीचे द्रावण टाकून न देता ठेवले होते, वरिष्ठांना बोलावले होते आणि प्रमाण द्रावण, म्हणजे ज्याच्याशी नमुना ताडून पाहतात ते, करताना विरलीकरणात (पातळ करण्यात) झालेली चूक आम्ही मिळून शोधली होती. सांगण्याजोगे ते सर्व माझ्याजवळ होते. पण सतराचा पाढा म्हणताना मधेच कोणी थांबवले की मूल पुन्हा सतरा एके सतरापासूनच सुरू करते, तशी माझी अवस्था झाली. मन व्याख्येच्या पहिल्या शब्दाकडे परत गेले, तिथून खाली येऊ लागले, आणि तेवढ्या वेळात मी जे बोललो ते ना वहीतले होते ना माझ्या कामातले. नोकरी मिळाली नाही, त्याची इतर कारणेही असतील. परंतु आपण स्वतः केलेले काम स्वतःलाच सांगता न यावे, याची खंत मला अनेक दिवस राहिली.

त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट होती, आणि गोव्यातील उमेदवाराने ती विशेष लक्षात घ्यावी. मुलाखत इंग्रजीत सुरू झाली होती आणि प्रश्न कोकणीत आला. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही स्थान मिळाले. त्यामुळे सरकारी जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, अशी ओळ आपण नेहमी वाचतो. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींत असे काही लिहिलेले नसते, पण समोरचा माणूस डिचोलीचा किंवा फोंड्याचा निघाला की दहा मिनिटांत भाषा बदलते. हा बदल बहुधा आपुलकीचा असतो. उमेदवार मोकळा व्हावा, अशीच त्यामागे इच्छा असते. वहीतील उत्तर मात्र त्याच्या इंग्रजी वाक्यांना इतके चिकटलेले असते की भाषा बदलताच ते गळून पडते. "द्रावण ठेवले, वरिष्ठांना कळवले, गणित तपासले, प्रमाण द्रावण पाहिले" असा मुद्द्यांचा कागद असेल तर तो कोणत्याही भाषेत उलगडता येतो. माझ्यापुरता तराजू झुकला तो याच ठिकाणी.

वहीचा एक लहान त्रासही सांगायला हवा. पाठांतर शेवटच्या क्षणापर्यंत जपावे लागते. माझ्या पहिल्या दोन मुलाखती झुआरी नदीवरचा नवा पूल होण्यापूर्वीच्या. साखळीहून पणजी आणि पणजीहून वेर्णा या प्रवासात कुठ्ठाळीच्या आसपास वाहनांची रांग लागली की बस जागची हलत नसे. त्या वेळात मी बावीस पाने इतक्या वेळा मनात म्हणत असे की औद्योगिक वसाहतीच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत वाक्यांतला जीव गेलेला असे. डिसेंबर 2022 मध्ये पुलाच्या चार मार्गिका खुल्या झाल्या आणि पुढच्या डिसेंबरात उरलेल्या, त्यामुळे आता तो प्रवास बराच सुसह्य झाला आहे; परंतु वाट पाहण्याचा वेळ कंपनीच्या स्वागतकक्षातही मिळतोच, आणि तेथेही वही उघडावीशी वाटते.

कागदाच्या मार्गाने मी वळलो तो माझ्या मामांमुळे. मामा निवृत्त मुख्याध्यापक. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध नाही, आणि तेच माझ्या उपयोगी पडले. संध्याकाळी सोप्यावर बसून ते माझ्या हातातला कागद घेत, कोठूनही एक शब्द उचलत आणि त्यावर विचारत. मी पुस्तकी बोलू लागलो की म्हणत, "थांब. हे तू केलंस की वाचलंस?" या एका प्रश्नाने माझी उत्तरे आपोआप दोन भागांत विभागली गेली. वाचलेले थोडक्यात आणि केलेले सविस्तर सांगायचे, ही सवय त्यातून लागली. तिसऱ्या संध्याकाळपासून ते मुद्दाम वाक्य तोडू लागले, कधी मराठीतून कोकणीत जाऊ लागले, आणि मी अडखळलो तरी पहिल्या शब्दाकडे न जाता होतो तेथूनच पुढे जायला शिकलो.

या मार्गाचे दोष मला ठाऊक आहेत. पहिले दोन दिवस फार वाईट जातात. तोंडून निघणारी वाक्ये इतकी विस्कळीत असतात की आपल्याला काहीच येत नाही असे वाटते, आणि त्याच वेळी वहीकडे परतण्याचा मोह होतो. इंग्रजी वाक्यरचना थोडी कच्ची राहते. माझी आजही राहते. उत्तरे लांबण्याचा धोका असतो, म्हणून मामा घड्याळ समोर ठेवत आणि दोन मिनिटे झाली की कागद खाली ठेवत. शिवाय दुसऱ्या माणसाचा वेळ मागावा लागतो, जो प्रत्येकाच्या घरी मिळेलच असे नाही.

सहाव्या मुलाखतीत मर्यादेबाहेरच्या निकालाचा तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी त्या शिकाऊ दिवसांतल्या प्रसंगापासूनच सुरुवात केली. मधे दोनदा अडवले गेले. एकदा असे विचारले की चाचणी पुन्हा करून निकाल बरा आला तर तोच का धरला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची या विषयावरील 2006 ची मार्गदर्शिका मी वाचली होती आणि कारण सापडेपर्यंत मूळ निकाल बाजूला सारता येत नाही, हे प्रत्यक्ष कामातही पाहिले होते, त्यामुळे वाचलेले आणि केलेले एकाच उत्तरात आले. ती नोकरी मला मिळाली.

हाती किती दिवस आहेत यावरही निवड अवलंबून असावी. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो एकदा वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणाऱ्यांना अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 40 टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना 61 टक्के आठवले. मुलाखत हा काही उतारा नव्हे, तरी माझा अनुभव याच्याशी जुळतो. उद्याच मुलाखत असेल तर वही नजरेखालून घालणे वावगे नाही. आठवडा हाती असेल तर तो वहीवर घालवू नये, असे मला वाटते.

वही मी पूर्णपणे टाकलेली नाही. स्वतःची ओळख करून देणारी चार वाक्ये मी अजूनही शब्दशः पाठ ठेवतो, कारण त्या वेळी आवाज स्थिर होण्यासाठी ठरलेल्या शब्दांचा आधार लागतो आणि तेथे सहसा कोणी अडवत नाही. चाचणीपद्धतीच्या प्रमाणीकरणातील ॲक्युरसी, प्रिसिजन, स्पेसिफिसिटी, लिनिॲरिटी, रेंज यांसारख्या निकषांची यादीही पाठच हवी. हॉटेलच्या स्वागतकक्षासाठी जाणाऱ्याला परदेशी पाहुण्यांची माहिती 24 तासांच्या आत पाठवण्याचा नियम असाच तोंडपाठ हवा. या सगळ्याला दोन पाने पुरतात.

घरी समोर बसणारे कोणी नसेल तर काही जण फोनवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात. मीही करून पाहिले. लांबलेली वाक्ये त्यात ऐकू येतात, पण फोन मधेच अडवत नाही, आणि मला कमी पडले होते ते नेमके तेच. त्यापेक्षा एखाद्या वर्गमित्राच्या दोन संध्याकाळी मागून घ्याव्यात. त्याला तुमचा विषय येत नसला तरी चालेल. तिसऱ्या वाक्याला थांबवून कोकणीत काहीतरी विचार, एवढे त्याला सांगून ठेवावे.