स्वादुपिंडातली सिस्ट: सीटी का एमआरसीपी?
भावा, मामांच्या सिस्टवर (स्वादुपिंडातल्या पाणी भरलेल्या गाठीवर) नजर ठेवायला दरवेळी काय करायचं म्हणतोस, तर खर्च आणि वेळ बघितला की सीटी सरस, काही मिनिटांत मोकळं, कॅल्शियमचे ठिपके पण नीट दिसतात. पण हे वर्षानुवर्षं चालणार, खेपेखेपेला रेडिएशन कशाला घ्यायचं? एमआरसीपीत (म्हणजे स्वादुपिंड-पित्ताच्या नळ्या दाखवणाऱ्या एमआरआयत) ते नाही, आणि सिस्ट स्वादुपिंडाच्या मुख्य नळीला जोडलीय का, आत पडदे आहेत का हे जास्त स्पष्ट कळतं, फक्त त्या ढणढण आवाजात श्वास धरत बराच वेळ पडून राहायला लागतंय. दोन्ही कोल्हापुरातच होतंय, पुण्याला पळायला नको.

नुसती नजर ठेवायची तर एमआरसीपी. जुना पेसमेकर असला किंवा कॅन्सरचाच संशय येऊन ऑपरेशनचं बोलणं निघालं तर सीटी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघूनच. सिस्ट ३ सेंमी झाली किंवा मुख्य नळीची रुंदी ५ मिमीला पोचली तर डॉक्टरांना एन्डोस्कोपिक सोनोग्राफीचं (तोंडातून दुर्बीण घालून आतून करतात ती) विचार.